रेनियरचा दगड कसा वाचावा

सिएटलला पाहुणे आले की मी त्यांना माउंट रेनियर या ज्वालामुखीचं शिखर आधी दाखवत नाही. त्याच्या हिमनदीतून निघणाऱ्या निस्क्वाली नदीच्या काठावर नेते. सकाळीच जा. ऊन तापलं की हिमनदी वितळते आणि दुपारी पाणी चढतं. पाणी दुधाळ दिसेल. बर्फाने दगड दळून केलेलं ते पीठ आहे.

एक करडा गोटा उचला, ओला करा, भिंग लावा. पांढरे चौकोनी स्फटिक दिसले तर तो अँडेसाइट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टपेक्षा यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त, म्हणून लाव्हा घट्ट. तो दूरवर पसरला नाही, थरावर थर चढत गेला. शिखर आज सुमारे 4,390 मीटरवर आहे. मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा दगड म्हणजे ग्रॅनोडायोराइट, ज्वालामुखीच्या पायाचा, कितीतरी जुना. बघून गोटा जागेवर ठेवा, हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथून दगड नेता येत नाही.

मग उद्यानातल्या लाँगमायरला थांबून रॅम्पार्ट रिज ही लाव्हाची उंच धार बघा. लाव्हा दरीत वाहायचा, तो धारेवर कसा? तेव्हा दऱ्या हिमनद्यांनी भरलेल्या होत्या. लाव्हा बर्फाच्या कडेने थिजला. बर्फ गेला, भिंत उरली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथेच बसून राहिले.

डोंगरावरचे पिवळट पट्टेही शोधा. आम्लयुक्त वाफांनी तिथे दगडाची चिकणमाती झालीय. असाच भाग सुमारे 5,600 वर्षांपूर्वी कोसळला आणि चिखलाचा लोंढा प्यूजेट साउंड या सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीपर्यंत पोचला. म्हणून नदीकाठी गडगडाट ऐकू आला तर फोटो काढत थांबू नका, तडक उंचावर चढा.