जीन एक्स्प्रेशन डेटासाठी वेब टूल बनवताय? या चुका टाळा

टूल बंद पडलं तर निदान कळतं तरी. खरा घात करतात त्या गुपचूप होणाऱ्या चुका: पान उघडतं, कोणता जीन किती सक्रिय आहे ते रंगांत दाखवणारा हीटमॅप झकास दिसतो, आकडे मात्र भलतेच. बघणारा त्यावरून पुढचा प्रयोग ठरवूनही मोकळा होतो.

सर्च बॉक्सकडे बहुतेक जण सगळ्यात शेवटी वळतात, आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात. वापरणारा ‘पी५३’ टाइप करतो, डेटात त्याच जीनचं अधिकृत नाव असतं टीपी५३. ‘हर२’ शोधणाऱ्याला ईआरबीबी२ मिळायला हवा, ‘ऑक्ट४’ शोधणाऱ्याला पीओयू५एफ१. उंदराच्या डेटात तर टीपी५३ हाच टीआरपी५३ होतो. टोपणनावांचा तक्ता आधीच जोडून ठेवा. एका टोपणनावाचे दोन जीन निघाले तर मनाने एक निवडू नका, दोन्ही दाखवा. जीन डेटात नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तिथे शून्य दाखवलंत तर ‘मोजलाच नाही’ आणि ‘मोजला पण सापडला नाही’ यातला फरकच पुसला जातो.

एन्सेम्बल आयडीच्या (एन्सेम्बल या जीनोम डेटाबेसने जीनला दिलेल्या ओळखक्रमांकाच्या) शेवटी टिंब देऊन व्हर्जनचा आकडा असतो. एका फाइलीत तो असला, दुसरीत नसला, की दोन्ही जोडताना हजारो ओळी मुकाट गळतात. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. टिंबापासून पुढचं सरसकट छाटण्याचीही घाई नको: काही फाइलींत वाय क्रोमोसोमवरच्या नोंदींना शेवटी वेगळं शेपूट असतं, ते गेलं की डुप्लिकेट आयडी तयार होतात.

एक्सेलबद्दल किती वेळा सांगावं! सेप्ट२ आणि मार्च१ या जीन्सच्या तारखा होतात. हा छळ इतका वाढला की जीन्सची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: सेप्ट२चा सेप्टिन२ झाला, मार्च१चा मार्चएफ१. २०२०च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत हे आलं आहे. पण जुन्या फाइली जुन्याच आहेत, त्यामुळे अपलोड होताच जीनच्या कॉलममध्ये तारखेसारखं काही दिसतंय का, हे कोडनेच तपासा.

आता एकक. रॉ काउंट (नुसती मोजणी), टीपीएम (जीनची लांबी आणि एकूण मोजणी लक्षात घेऊन काढलेला आकडा) की लॉग केलेली किंमत, हे अक्षावर लिहिलेलं नसेल तर त्या आलेखाला अर्थ नाही. लॉग केलेल्या डेटावर पुन्हा लॉग लावणं ही तर नेहमीची चूक. बल्क आरएनए-सीकच्या (अनेक पेशींचा आरएनए एकत्र मोजण्याच्या पद्धतीच्या) डेटात लॉग२ केल्यावर जास्त व्यक्त होणारे जीन्स सहज १०च्या पुढे जातात. तुमची कमाल किंमत चारच्या आसपासच अडकली असेल, तर आधी दुहेरी लॉगचा संशय घ्या.

‘टूल फार हळू चालतंय’ असं कुणी म्हटलं की लोक सर्व्हर वाढवतात. मी आधी फाइल उघडून बघतो. २० हजार जीन्स आणि ५० हजार पेशी म्हणजे १०० कोटी आकडे. प्रत्येकी ४ बाइट धरले तर ४ जीबी. सिंगल-सेल डेटात, म्हणजे प्रत्येक पेशी वेगळी मोजलेली असते तिथे, यातले बहुतेक शून्य असतात. समजा ५ टक्केच आकडे शून्य नसलेले आहेत, तर स्पार्स स्वरूपात (फक्त शून्य नसलेले आकडे आणि त्यांच्या जागा साठवून) काम सुमारे ४०० एमबीत भागतं. पण इथेच एक मेख आहे. पेशी ओळींत आणि जीन्स कॉलममध्ये असलेलं मॅट्रिक्स सीएसआर पद्धतीने, म्हणजे ओळीनुसार, साठवलं, तर एका पेशीचे सगळे जीन्स झटकन मिळतात. एका जीनसाठी मात्र जवळपास सगळा डेटा चाळावा लागतो. आणि वापरणारा शोधतो जीनच! तेच मॅट्रिक्स सीएससीत, म्हणजे कॉलमनुसार, साठवा, एका जीनच्या किमती सलग सापडतात. याच बदलाने कित्येकदा नव्या सर्व्हरचा खर्च वाचतो.

यूमॅपवर (प्रत्येक पेशी एका ठिपक्याने दाखवणाऱ्या नकाशावर) एखादा मार्कर जीन, म्हणजे ठरावीक प्रकारची पेशी ओळखून देणारा जीन, ‘दिसतच नाही’ अशी तक्रार आली, तर ठिपके कोणत्या क्रमाने रेखाटले जातात ते बघा. शून्य किमतीचे करडे ठिपके नंतर काढले गेले की मोजक्या रंगीत पेशी त्यांच्याखाली गाडल्या जातात. किमतीनुसार चढत्या क्रमाने काढले, तर त्या वर येतात. मग उलट त्या आहेत त्याहून जास्त भासतात, म्हणून शेजारी तो जीन व्यक्त करणाऱ्या पेशींची टक्केवारी द्या.

शायनी (आर या प्रोग्रॅमिंग भाषेत वेब टूल बनवण्याचं साधन) वापरत असाल तर एक शेवटची परीक्षा. दोन ब्राउझर उघडा, एकात सगळ्यात जड विश्लेषण सुरू करा आणि दुसऱ्यात साधा जीन शोधा. दुसरा ब्राउझर गोठला, तर दोघंही एकाच आर प्रोसेसच्या रांगेत उभे आहेत. ते जड गणित आधीच करून फाइलीत ठेवा.