मानद पदवी समारंभाची तयारी : आरंभ मानपत्रापासून

कोकणातल्या महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात कर्तबगार स्त्रियांना मानद पदवी द्यायचे ठरले, की पदवी देण्याचा अधिकार कोणाचा आहे, हे सर्वांत आधी कागदावर पक्के करून घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २२ व्या कलमानुसार तो अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दर्जा मिळालेल्या संस्थांनाच आहे. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील संलग्न महाविद्यालयाने म्हणून एकतर विद्यापीठाकडे पुष्कळ आधी रीतसर प्रस्ताव पाठवावा, नाहीतर आपल्या समारंभात सन्मानपत्र द्यावे आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘मानद पदवी’ हे शब्द छापू नयेत. जिने आयुष्यभर चोख काम केले तिच्या हाती उद्या कोणी शंका घेईल असा कागद देणे, हा तिचा अपमान आहे.

नावे सुचवताना समितीने ओळखीच्या वर्तुळाबाहेर जावे आणि वयाने ज्येष्ठ असलेल्यांचा विचार आधी करावा. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डने स्त्रीला पहिली मानद पदवी दिली ती १९५५ साली, हेलन केलर यांना. एवढा उशीर आपण करू नये. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांना अनेक विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण त्यांच्या संस्थेसाठी वर्गणी मागत फिरलेल्या, त्यांच्या पत्नी, मूळच्या देवरुखच्या बाया कर्वे यांच्यासारखे काम आज आपल्या तालुक्यात कोण करते आहे, हेही शोधावे.

सगळ्यांत जास्त वेळ मानपत्रासाठी राखून ठेवावा, कारण मंडप दोन दिवसांत उतरतो आणि मानपत्र त्या घरात पुढची चाळीस-पन्नास वर्षे राहते. ‘समाजसेवा’, ‘कलेची उपासना’ असल्या कोणालाही लागू पडणाऱ्या शब्दांवर थांबू नये. सावंतवाडीच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांच्याविषयी ‘कलेची सेवा केली’ असे लिहिले तर काहीच कळत नाही; हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, म्हणजे गंजिफाची, लोप पावत चाललेली विद्या त्यांनी पती शिवरामराजे यांच्यासह वृद्ध कारागिराकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात ते काम पुन्हा सुरू केले, असे लिहिले की वाचणाऱ्याला त्यामागची मेहनत दिसते. खाडीत कालवे आणि तिसऱ्या ही शिंपली वेचणाऱ्या बायकांना संघटित करणाऱ्या बाईंच्या मानपत्रात कालवे आणि तिसऱ्या हेच शब्द ठेवावेत, त्यांच्या जागी ‘जलचर’ घालू नये.

मसुदा ज्यांचा सन्मान व्हायचा त्या बाईंना वाचून दाखवावा, नाव कोणत्या पद्धतीने लिहायचे हे त्यांनाच विचारावे, आणि ते उत्तर समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे. एका समारंभात मी ऐकलेल्या मानपत्राच्या पहिल्या दोन ओळी बाईंच्या यजमानांच्या हुद्द्यांनी भरलेल्या होत्या. बाई शांत उभ्या राहिल्या, पण पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलीने मान खाली घातली. तेव्हापासून प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या वाक्याचा कर्ता कोण आहे, हे मी आधी तपासते.

तारीख शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान ठेवावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात आणि घाटरस्त्यांचा भरवसा नसतो. शिमग्यात गावे पालखीच्या मागे असतात, तर एप्रिल-मेमध्ये घरोघरी आंब्याची काढणी आणि पेट्या भरण्याचे काम असते. जनित्र आदल्या दिवशी चालवून पाहावे.

झग्याचे माप मात्र आधी घ्यावे. भाड्याने आणलेले झगे बहुधा उंच पुरुषांच्या मापाचे असतात आणि नऊवारीवर ते पायात येतात. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा असावा. पाहुण्या बाईंसोबत गावाहून येणाऱ्या बायकांसाठी पुढच्या दोन रांगा राखाव्यात, आणि त्या रांगांवर कोणत्याही पदाधिकाऱ्याचे नाव चिकटवू नये. त्यांच्या परतीच्या गाडीची सोयही त्याच वेळी लावावी, कारण संध्याकाळनंतर आडगावांना एसटी मिळत नाही.

मानपत्र वाचणाऱ्या व्यक्तीने ते आदल्या संध्याकाळी मोठ्याने दोनदा वाचावे. गावाचे, वाडीचे आणि आडनावाचे उच्चार बाईंना फोन करून विचारावेत, आणि छापलेल्या प्रतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.