कुडाळात बसून ट्रेलर कापताना

कुडाळला राहून ट्रेलर कापण्यावर, म्हणजे ट्रेलरच्या एडिटिंगवर, पोट भरतं का, असं इकडची बरीच मुलं विचारतात. भरतं, पण नुसत्या ट्रेलरवर नाही. मालवणी शॉर्टफिल्म, वेबसिरीज, नाटक मंडळांच्या जाहिराती, गणपतीच्या तोंडावर येणारी गाणी असं सगळं मिळून भरतं. त्यातलं ट्रेलरचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि नवी मुलं नेमकं तेच उलट्या टोकाने सुरू करतात. चांगली चांगली दृश्यं टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, ओढायची आणि खाली एखादं दणदणीत संगीत पसरायचं. तसं नको. आधी संवाद, संगीत आणि शांतता यांचा सांगाडा उभा करा. डोळे मिटून ऐकला तरी गोष्टीचा अंदाज आला पाहिजे. चित्रं मागाहून.

संगीत निवडताना लय मोजा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा असेल, तर मिनिटाच्या १४४० फ्रेमना मिनिटातल्या ठोक्यांच्या संख्येने भागायचं. दोन ठोक्यांमध्ये किती फ्रेम बसतात ते कळतं. १२० ची लय असेल तर १२ फ्रेम, ९६ ला १५, ९० ला १६. लय १०० ची असेल तर उत्तर १४.४ येतं, म्हणजे पुढे कट, म्हणजे दृश्य बदलायच्या जागा, ठोक्यावरून सरकत जातात आणि तुम्ही एकेक फ्रेम मागे-पुढे करत रात्र काढता. फुटेज २५ फ्रेमचं असेल तर १५०० ला भागा. तिथे हीच १०० ची लय १५ वर चपखल बसते.

आता हे गणित कळलं म्हणून प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका. चार कट झाले की पाचवा कुठे पडणार हे बघणाऱ्याला कळून चुकतं, मग तो नुसता बघत राहतो. हे मला शिकवलं ते दशावताराने. रात्री उशिरा उभं राहून पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात, नट ते आयत्या वेळी रचतो. त्यामुळे पखवाजवाल्याची नजर नटावरून हटत नाही. राक्षसाचा प्रवेश आला की पखवाज आणि झांज चढत जातात, मांडावरची पेंगणारी पोरंसुद्धा उठून बसतात, आणि वाद्यं एकदम थांबतात. त्या मोकळ्या जागेत नट पहिलं वाक्य टाकतो. ट्रेलरवाले चढत्या आवाजाला रायझर म्हणतात, शेवटच्या दणक्याला हिट. पण माझ्या मते खरी किंमत मधल्या त्या रिकाम्या सेकंदाला आहे. जत्रेला गेलात तर पुढे बसू नका, वाद्यं दिसतील अशा बाजूला बसा.

अर्थात गिऱ्हाइकाला हा रिकामा सेकंद पटेलच असं नाही. एका शॉर्टफिल्मच्या दिग्दर्शकाचा मला फोन आला होता, ‘अरे, आवाज खंय गेलो? फाइल बिघडली काय?’ त्यांना म्हटलं, घरच्यांना आधी काही न सांगता ट्रेलर दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा. तो सेकंद राहिला.

ट्रेलरचं संगीत बहुधा सिनेमातलं नसतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. ट्रेलर लागतो तेव्हा बऱ्याचदा पार्श्वसंगीत तयारच झालेलं नसतं. २०१० च्या ‘इन्सेप्शन’चं संगीत हान्स झिमरचं, पण त्याच्या एका गाजलेल्या ट्रेलरमधली धून झॅक हेम्सी या दुसऱ्याच संगीतकाराची आहे. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये रेडिओहेडचं ‘क्रीप’ एका बेल्जियन मुलींच्या गायकवृंदाच्या आवाजात वापरलं होतं. ओळखीचं गाणं संथ करून अनोळखी करायची जी टूम नंतर पसरली, तिचं हे नावाजलेलं उदाहरण. मात्र तुम्ही अशी धून इंटरनेटवरून उचलून लावू नका. यूट्यूब ती आपोआप ओळखतं आणि निर्मात्याचा ट्रेलर अडकतो. परवाना घेऊन संगीत घ्या, आणि जमलं तर स्टेम्स मागा, म्हणजे ढोल, तंतुवाद्यं, गळा असे वेगवेगळे ट्रॅक. संवादाखाली ढोल बंद करता येतात, आणि संवाद ऐकू येणं हे अजूनही फॅशनमध्ये आहे.

बाकीचं थोडक्यात. शिकायला दाविंची रिझॉल्व या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. ट्रेलर फोनवर ऐकून बघा. हेडफोनवर छाती हलवणारा खोल दणका फोनच्या स्पीकरवर जवळजवळ गायब असतो, त्याच्या जोडीला वरच्या पट्टीतला एखादा आवाज लावावा लागतो. यूट्यूबवर जाहिरात म्हणून चालणार असेल तर पहिली ५ सेकंदं वेगळी रचा, कारण त्यानंतर ‘स्किप’चं बटण येतं. थिएटरात लावायचा असेल तर ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दिवस आधीच धरा.

पैशाचं बोलणं पहिल्याच फोनवर करा: आगाऊ किती, आणि किती वेळा बदल करून देणार. जूनच्या पुढची तारीख देताना एक दिवस जास्तीचा मागून घ्या. वीज गेली की मागोमाग नेट जातं, आणि मोठी फाइल चढवायची तर ती मध्यरात्रीच चढते.