शाळेतली मॉक ड्रिल: या चुका टाळा

आपल्या नागपुरात बऱ्याच शाळांची ड्रिल म्हणजे आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, सकाळी पोट्टे लाईनीत ग्राउंडवर, फोटो, झालं. मग खरंच काही पेटलं की गोंधळ कायले होते ते कळत नाही कोणाले.

सगळ्यात मोठी चूक चॅनल गेटची. मागच्या जिन्याचं गेट वर्षभर कुलपात, पोट्टे पळून जातात म्हणून, अन् ड्रिलच्या दिवशी शिपाईकाका सकाळीच उघडून ठेवतात. म्हणून ड्रिल पास! हेच न सांगता तिसऱ्या तासाला करून पाहा, किल्लीवाले काका बँकेत गेलेले असताना. 2004 मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या आगीनं गवती छप्पर पेटलं, 94 लेकरं गेली, अन् बाहेर पडायला होता तो अरुंद जिना. शाळा भरलेली असताना बाहेरच्या रस्त्याला कुलूप नकोच, चोरीचं टेन्शन असेल तर रात्री लावा ना.

ड्रिलला फार वेळ लागत असेल तर पोरांवर ओरडू नका, गर्दी कुठे अडते ते उभं राहून पाहा, बहुतेक दोन मजल्यांचे वर्ग एकाच वळणावर भेटतात. अर्धे वर्ग दुसऱ्या जिन्यानं वळवा.

मस्टर वर्गातच राहते ही पण नेहमीची गोष्ट. मग मॅडम मोजणार कशावरून? वर्गात नावं 52, आज आलेले 47, त्यातला एक बाथरूममध्ये अन् एक खडू आणायला ऑफिसात. मोजायचं त्या दिवशीच्या हजेरीवरून, अन् एखादं लेकरू कमी भरलं तर सरांनी आत पळायचं नाही, फायर ब्रिगेडवाल्यांना सांगायचं.

आग विझवायचं सिलिंडर असलं तर काटा हिरव्यात आहे का तेवढं दर महिन्याला बघा. वापरताना पिन काढून धार ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी मारायची. वायरिंग पेटली तर पाणी अजिबात नाही.

अजून एक, ग्राउंड हे सगळ्याचं उत्तर नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला अन् रातोरात घराघरात पाणी शिरलं, आठवते ना? पाणी शिरलं तर वरच्या मजल्यावर जायचं. विजा कडाडून राहिल्या तर पोट्ट्यांना मैदानात कायले काढता? भूकंपाला आधी बाकाखाली, हादरे थांबले की बाहेर.

आता पालकांचं. बातमी आली की आपण सगळे ॲक्टिव्हा घेऊन गेटवर, मग बंब आत कसा येईल? 112 किंवा 101 ला शाळेनं फोन केला का तेवढं पक्कं करा, गाड्या लांब लावा, सरांना सारखे फोन मारू नका. अन् लेकराला घ्यायला मामाला पाठवायचं असेल तर मामाचं नाव, फोटो शाळेच्या यादीत आजच देऊन ठेवा, ओळख पटल्याशिवाय शाळेनं सोडलं नाही तर गेटवर भांडू नका.