टोकन उघडलं म्हणजे तपासलं असं नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांसाठी केलेलं वेब ॲप. टोकनमधलं, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर देतो त्या ओळखचिठ्ठीतलं, ‘व्यापारी’ काढून ‘ॲडमिन’ लिहिलं, तरी सर्व्हर मुकाट्यानं आत घेत होता.

कारण एकाच ओळीत होतं. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) जेसनवेबटोकन लायब्ररीतलं ‘डिकोड’ वापरलं होतं. ते टोकन फक्त उघडून दाखवतं, सही तपासतच नाही. टिंबांनी जोडलेल्या तीन भागांपैकी पहिले दोन कुणालाही वाचता येतात, बदलताही येतात. सगळा भरवसा तिसऱ्या भागावर, म्हणजे सहीवर. ‘डिकोड’च्या जागी सही तपासणारं ‘व्हेरिफाय’ घातलं आणि सहीचा अल्गोरिदम कोडमध्येच पक्का केला: फक्त एचएस२५६. त्यात सही करायला आणि तपासायला एकच गुप्त किल्ली असते. अल्गोरिदम टोकनच्या हेडरवरून, म्हणजे पहिल्या भागावरून, कधीही ठरवू नका. हेडर पाठवणाऱ्याच्या हातात असतो, तो तिथं ‘नन’, म्हणजे सहीच नाही, असंसुद्धा लिहील.

किल्ली होती ‘हळद१२३’च्या धर्तीची. हे जास्त घातक. एक टोकन हाती लागलं की अशी किल्ली सर्व्हरला पत्ता न लागता घरबसल्या फोडता येते. एचएस२५६ला किमान ३२ बाइटची किल्ली लागते. ‘ओपनएसएसएल रँड’ या कमांडनं ३२ रँडम बाइट काढून ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवली. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली जुनी किल्ली नुसती पुसून भागत नाही, हिस्टरीत राहते. ती बादच केली. किल्ली बदलली की सगळे लॉगआउट होतात, म्हणून हे काम सौदे आटोपल्यावर.

टोकनची मुदत १५ मिनिटं, घड्याळातल्या फरकासाठी ३० सेकंदांची सूट. शेवटी मधल्या भागातलं एक अक्षर बदलून पाठवलं: ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, प्रवेश नाही.