डायइथिल मॅलोनेटचं अल्किलेशन: या चुका टाळा

डायइथिल मॅलोनेट या एस्टरला ब्युटिल गट जोडताना (हेच अल्किलेशन) यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, निम्म्यावर आलं की दोष मॅलोनेटच्या बाटलीला दिला जातो. बाटली बहुधा निर्दोष असते. खोट असते इथेनॉलमध्ये.

हिशेब करून पाहा. ०.१ मोलच्या प्रयोगाला २.३ ग्रॅम सोडियम आणि ५० मिली इथेनॉल लागतं. ॲब्सोल्यूट (निर्जल) इथेनॉलऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट (थोडं पाणी असलेलं इथेनॉल) ओतलं, तर त्यात सुमारे १.८ ग्रॅम पाणी येतं, म्हणजे तेही ०.१ मोल. सोडियम इथेनॉलमध्ये विरघळून इथॉक्साइड हा बेस बनतो, पण पाणी असेल तर त्याच्या जोडीला हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते एस्टर फोडून आम्लाचा क्षार करतं. हा क्षार शेवटी पाण्याच्या थरात निघून जातो. संशय असेल तर तो थर फेकू नका: आम्ल घालून इथरनं काढा. आम्ल हाती आलं, तर पाणीच नडलं. भट्टीत तापवून कोरड्या केलेल्या ३ए मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे दाणे) इथेनॉल रात्रभर ठेवा, कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची नळी लावा. सोडियम विरघळताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ज्योत नको. आणि इथेनॉलच्या जागी मिथेनॉल चालवून घेऊ नका. एस्टरची अदलाबदल होऊन मिथिल-इथिलची खिचडी मिळते.

दुसरी चूक क्रमाची. सोडियम पूर्ण विरघळल्यावर आधी मॅलोनेट, मग कोमट द्रावणात १-ब्रोमोब्युटेन थेंबाथेंबानं. ब्रोमाइड आधी गेलं तर इथॉक्साइड त्याचंच इथर करतं. टर्शरी हॅलाइडच्या (हॅलोजनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले) वाटेला तर जाऊच नका, अल्कीनच मिळतं.

दोनदा अल्किलेशन होऊ नये म्हणून मॅलोनेट थोडं जास्त घ्या: १६.८ ग्रॅम (१६ मिली), त्याला ब्रोमोब्युटेन १३.७ ग्रॅम (१०.८ मिली). दोन-तीन तास रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ कंडेन्सरनं परत भांड्यात पाडत उकळा. थेंब ओल्या लिटमसवर उदासीन येईपर्यंत थांबायचं. सोडियम ब्रोमाइड तळाशी बसलं की फ्लास्क धक्के देतो, म्हणून ढवळणं बंद पडू देऊ नका.

टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) यूव्हीखाली डाग दिसला नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. मॅलोनेट यूव्हीत दिसतच नाही. परमँगनेटचा फवारा मारा. एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारी चाचणी) अधिक बोलका: मॅलोनेटचा सिंगलेट (एकच रेघ) ३.३६ पीपीएमच्या आसपास, हव्या असलेल्या पदार्थाचा ट्रिपलेट (तीन रेघा) ३.३ जवळ. दोन ब्युटिल लागलेल्या पदार्थाला या भागात सिग्नलच नसतो.

पाणी घालण्याआधी बहुतेक इथेनॉल उडवा, नाहीतर थर नीट सुटत नाहीत. मग कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन: २० मिमी (पारा) दाबाला आधी उरलेलं मॅलोनेट, नंतर १३०-१३५ अंशांना ब्युटिल मॅलोनेट.

पुढे हेक्झॅनोइक आम्ल हवं असेल, तर ब्युटिल मॅलोनेटचं एस्टर फोडून मिळालेलं आम्ल तापवून कार्बन डायऑक्साइड काढताना भांडं कधीही बंद नको. ०.१ मोलमधून साधारण २.४ लिटर वायू सुटतो.