बारावा महिना म्हणजे डिसेंबर नव्हे: क्वेकर घराण्यांचे कागद लावताना या चुका टाळा

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आसपासच्या जुन्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) घराण्यांचे कागद लावायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. खोकी येतात ती माळ्यावरून नाहीतर तळघरातून, बहुतेक वेळा कुणाची तरी आजी गेल्यावर. आत पत्रं, रोजनिश्या, लग्नाचे दाखले, एका मीटिंगने (म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळीने) दुसरीला लिहिलेल्या शिफारशी, कुणीतरी हौसेने काढलेली वंशावळ आणि हमखास एखादी केसांची बट. दर वेळी घराणं वेगळं असतं, चुका मात्र त्याच. त्यातल्या दोन मला इतक्या छळतात की आधी त्यांच्याबद्दल मन मोकळं करते.

पहिली, तारीख ‘सरळ’ करण्याची.

रोमन आणि जर्मानिक देवांवरून पडलेली महिन्या-वारांची नावं क्वेकर लोक घेत नसत. रविवार म्हणजे पहिला दिवस, सोमवार दुसरा, महिन्यांनाही आकडेच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. नवशिका माणूस ‘२रा महिना’ बघतो, फेब्रुवारी लिहितो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. पण १७५२ पूर्वी इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत वर्ष बदलायचं २५ मार्चला, आणि पहिला महिना मार्च. म्हणजे दुसरा एप्रिल, अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपलंही वर्ष पाडव्याला बदलतं आणि माघ-फाल्गुन सरत्या शकातच मोजले जातात. शिवाय सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं मोठ्याने म्हणून बघा. सप्त, अष्ट, नव, दश कानाला ऐकू येतात. डिसेंबर दहावा, मग बारावा कोण?

१६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध जो अर्ज लिहिला, त्यावर तारीख आहे २ऱ्या महिन्याची १८. अजूनही ठिकठिकाणी ती १८ फेब्रुवारी म्हणून छापलेली दिसते. त्याच अर्जावर वरच्या मीटिंगने शेरा मारला, त्यावर तारीख २ऱ्या महिन्याची ३०. ३० फेब्रुवारी! कागद स्वतःच ओरडून सांगतो आहे की हा एप्रिल आहे, पण घाईतल्या माणसाला ऐकू येत नाही.

तरी ज्याला काहीच माहीत नाही तो परवडला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला जास्त नुकसान करतो. एका उन्हाळ्यात आमच्याकडे कॉलेजचा एक मुलगा मदतीला होता. हुशार, अक्षर सुंदर, कामाला वाघ. त्याला ‘मार्च पहिला’ हे ठाऊक होतं. एका कौटुंबिक नोंदवहीत लग्न १७३१ च्या २ऱ्या महिन्यात ६ तारखेला आणि पहिलं मूल १७३१ च्याच १२व्या महिन्यात २० तारखेला. त्याने महिने बरोबर बदलले आणि वर्ष तसंच ठेवलं. लग्न ६ एप्रिल १७३१, मूल २० फेब्रुवारी १७३१. झालं! लग्नाआधी दीड महिना मूल.

आता क्वेकरांमध्ये अशी गोष्ट लपत नसे. मंथली मीटिंगपुढे, म्हणजे महिन्याच्या सभेपुढे, दोघांना उभं राहावं लागे, तिथे लेखी कबुली वाचली जाई, ती वहीत उतरे. पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी, वह्याही वेगळ्या. पोराने तीन दिवस दोन्ही वह्या उपसल्या. काही सापडेना. तेव्हा ‘घराणं वजनदार असणार, प्रकरण दाबलं’ असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो त्या घराण्याच्या आजच्या वारसदार बाईंना ईमेलने कळवूनही टाकला. बाईंचा फोन मला आला. सात-आठ पिढ्यांपूर्वीच्या पणजीची अब्रू, पण आवाज असा की कालचीच गोष्ट. मी नोंदवही काढली, बोटं मोजली. १२वा महिना १७३१ म्हणजे आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १७३२. लग्नानंतर साडेदहा महिने. वहीत काही नव्हतं, कारण काही घडलंच नव्हतं.

खरा संताप पुढे आला. त्याने आमच्या यादीत आणि फोल्डरवर फक्त बदललेली तारीख लिहिली होती. मूळ काय होतं ते दोन्हीकडे नाही. अशा चाळीसएक नोंदी मला पुन्हा पहिल्यापासून कागदावर जाऊन तपासाव्या लागल्या.

म्हणून माझ्या टेबलावर एकच पद्धत चालते. आधी कागदावर जसं आहे तसं, आकड्यासकट उतरवायचं. त्याखाली आपला अर्थ, चौकोनी कंसात. जानेवारी ते २४ मार्चची तारीख असेल तर दोन्ही वर्षं, १७३१/३२ अशी. १७५२ पासून जानेवारी पहिला झाला आणि त्या सप्टेंबरात २ नंतर थेट १४ तारीख आली, त्यामुळे त्या वर्षाच्या कागदांना मी सकाळच्या चहानंतरच हात लावते. शके, हिजरी, सुहूर, फसली असे सन ज्यांनी मोडी कागदांवर सोडवले आहेत त्यांना हे सगळं पोरखेळ वाटेल. वाटू दे, पण मूळ सन त्यांनीही कधी खोडला नाही.

दुसरी चूक ‘नीट लावण्याची’.

पत्रांचं पुडकं सुतळी सोडून मोकळं करायचं, सगळी पत्रं तारखेने लावायची, सुतळी आणि बाहेरचं वेष्टण कचऱ्यात. दिसायला फार छान दिसतं. पेशवे दफ्तरातला रुमाल सोडून त्यातले कागद कुणी आकाराप्रमाणे लावले तर तुम्हाला कसं वाटेल, तसं मला वाटतं.

एका घरातून तीन पुडकी आली. देणाऱ्या गृहस्थांनी आमचं काम हलकं व्हावं म्हणून आधीच दोन सोडून, ‘साफ’ करून, तारखेने लावून दिली होती. तिसऱ्यापर्यंत त्यांचा उत्साह पोचला नाही, देवाची कृपा. त्या तिसऱ्याच्या वेष्टणावर एका आत्याने लिहिलं होतं की ही माझीच पत्रं, बहीण वारल्यावर तिच्या घरून परत आलेली. एका ओळीत कळलं की पत्रं कुणी लिहिली, कुणी जपली आणि आपल्या हाती कुठल्या वाटेने आली. आत सहा पत्रांवर वर्षच नव्हतं, पण ती दोन तारीखवाल्या पत्रांच्या मधे होती, म्हणून त्यांचा काळ ठरला. उरलेल्या दोन पुडक्यांत वर्ष नसलेली अकरा पत्रं त्यांनी तळाला ‘इतर’ म्हणून ठेवली होती. ती आजही ‘इतर’च आहेत. मधे कुठे होती हे आता कुणीच सांगू शकत नाही.

मी पुडकं सोडण्याआधी त्याचा फोटो काढते. मग प्रत्येक कागदाला ज्या क्रमाने हाती आला त्या क्रमाने मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर. सुतळी गेली तरी चालेल, वेष्टण कधीच जाता कामा नये. जुन्या पत्रांना पाकीट नसे. तोच कागद घडी घालून, लाखेने बंद करून, वर पत्ता लिहिलेला असे. ती घडी उलगडल्यावर पाठीमागे पत्र घेणाराने कधी आलं, कुणाचं आलं हे टिपलेलं सापडतं. कोरी बाजू समजून ती स्कॅन न करणारे मी रोज बघते.

बाकीच्या चुकांना एवढं रक्त आटवत नाही.

‘डिसओन्ड’, म्हणजे मीटिंगमधून नाव काढलेला, माणूस वाईट होता असं समजू नका. क्वेकर नसलेल्याशी किंवा पाद्र्यापुढे लग्न केलं तरी मीटिंग नाव काढून टाकत असे. १८२७ मध्ये फिलाडेल्फियात हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे दोन तट पडले. एकाच नावाच्या दोन मीटिंगा झाल्या आणि बऱ्याच माणसांची नावं कापली गेली. ते एकत्र आले थेट १९५५ साली. म्हणजे मधल्या काळातला माणूस एका वहीत हरवला तर दुसरी वही उघडा. आणि अमक्याने आपलं वर्तन ‘कंडेम’ केलं असं वाचलं तर त्याला शिक्षा झाली नाही. त्याने माफी मागितली आणि बहुधा तो मीटिंगमध्ये राहिला.

बाप्तिस्म्याची नोंद शोधू नका, क्वेकरांत बाप्तिस्मा नाही. सुरुवातीच्या काळातल्या थडग्याचा दगडही शोधू नका. दगड लावणं त्यांना दिखाऊपणा वाटे.

लग्नाचा दाखला फ्रेम करताना भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट घालू नका. तिथे पाद्री नसतो. हजर असलेले सगळे साक्षीदार म्हणून सह्या करतात आणि नातेवाईक बहुधा उजव्या बाजूला वधूवरांच्या खाली. ती बाजू चौकटीखाली गेली की अर्धी वंशावळ गेली. दाखला चर्मपत्रावर असेल आणि गुंडाळी उलगडत नसेल तर इस्त्री फिरवू नका. हसू नका, फिरवलेली मी पाहिली आहे. उष्णतेने कातडं आक्रसतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

सेलोटेप लावू नका. चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. तो जर्मनटाउनचा अर्ज २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या आर्च स्ट्रीटच्या मीटिंग हाउसच्या (क्वेकर प्रार्थनागृहाच्या) तिजोरीत पुन्हा सापडला तेव्हा त्याच्याही घड्यांवर, अक्षरांवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. अठराव्या शतकापासून टिकलेल्या कागदाला विसाव्यातल्या उत्साही हातांनी मारलं, हे मी किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब ठेवलेला नाही. लॅमिनेशनबद्दल तर मला विचारूच नका.

पिना आणि क्लिपा काढा, गंज कागद खातो. वर्तमानपत्राचं कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा, पण ते बायबलच्या कुठल्या पानांमधे होतं ते आधी लिहा. पांढरे हातमोजे सिनेमात शोभतात. कागदासाठी साबणाने धुतलेले, कोरडे हात बरे, फोटोंसाठी मात्र मोजे घाला. तपकिरी पडलेली जुनी शाई बहुधा लोहाची असते. ती ओलसर करू नका, कागद अक्षरांच्या रेषेवरच फाटतो. बॉलपेन खोलीत आणू नका, खिशातसुद्धा.

‘स्कॅन झालं, आता मूळ टाकू का?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मी उत्तर देत नाही, फक्त मागे ठेवलेल्या फ्लॉपींच्या डब्याकडे बोट दाखवते.

आणि तळघरात पाणी शिरलं तर कागद उन्हात वाळत घालू नका, पानं एकमेकांना चिकटतात. दोन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पानं न सोडवता लहान गठ्ठे करा, मेणकागदात गुंडाळा, फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग शांतपणे जाणकाराला फोन करा. काचेवरचे जुने फोटो तेवढे फ्रीजरमध्ये घालू नका. १८४० च्या आसपासची पत्रं एकदा माझ्या घरी खवलेल्या नारळाच्या पिशव्यांशेजारी चार दिवस होती. त्यावर मी ठळक अक्षरांत ‘फोडणीला घालू नये’ अशी चिठ्ठी लावली होती, कारण नवऱ्याचा भरवसा नाही.